राहुटी की डेरा? गोदातीरीच्या स्वाऱ्यांतून दिसणारी तंबूची निवड



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'तंबू' असे उत्तर दिले, आणि दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. इतिहासाच्या वक्त्याकडून लोक लढाईची, तहाची, फार तर एखाद्या किल्ल्याची अपेक्षा करतात. तंबू म्हटला की लग्नाचा मांडव आठवतो, किंवा फिरता सिनेमा. परंतु विषय आमचा नाही. तो आपल्याच गावच्या एका तरुण शिक्षकाचा आहे. त्याने आम्हांस पत्र लिहिले. पावसाळा सरला की पाठीवर बिऱ्हाड घेऊन आठवडाभर सह्याद्रीच्या डोंगरांत हिंडावे आणि पुढे सुटीत बायकामुलांना मोटारीत घालून एखाद्या तळ्याकाठी दोन रात्री राहावे, असे त्याच्या मनात आहे. दोन्ही कामांस एकच तंबू चालेल काय, आणि निवडताना पाहावे काय, असा त्याचा प्रश्न. इतिहासाच्या माणसाला हे का विचारले, असे आम्हांस प्रथम वाटले. मग विचार करता करता असे ध्यानी आले की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या या गोदावरीच्या खोऱ्यात तीनचार वेळा, तेही फार महाग किंमत मोजून, दिले गेलेले आहे. तेव्हा आज त्या शिक्षकाला जाहीर उत्तर देऊ.

आधी शब्द पाहू, कारण आपल्या भाषेने ही निवड आपल्या आधीच करून ठेवली आहे. चार काठ्यांवर किंवा दोन भाल्यांवर ताणलेले कापड ते पाल. मध्ये आडवी काठी, दोन बाजूंना उतार आणि आत दोनचार माणसे पाय पसरतील एवढी जागा ती राहुटी. खांब, कनाती, आतून अस्तर, वर कळस, असा बारदाना आला की तो डेरा. आणि डेऱ्यापुढे दरबारासाठी उभारलेले छत तो शामियाना. पालापासून शामियान्यापर्यंत जाताना कापड वाढते, दोर वाढतात, मेखा वाढतात, आणि मुख्य म्हणजे हे सगळे उचलणारी माणसे व जनावरे वाढतात. हे सामान सांभाळणारे खाते ते फरासखाना. पुण्यात फरासखाना म्हटले की आज लोकांना पोलीस चौकी आठवते. पण ते नाव पेशव्यांच्या तंबू-जाजमांच्या कोठारावरून पडले आहे, हे तेथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे!

डेऱ्याची विद्या मोगलांनी पराकोटीला नेली. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या छावणीचा तपशील दिला आहे. ती एक छावणी हलवावयास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय तंबू उभारणारे हजार फरास, वाट करणारे बेलदार, पाणक्ये, सुतार, मशालजी आणि दीडशे झाडूवाले. बादशहाला एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जाताच तंबू तयार लागे, म्हणून अशा सामानाचे दोन संच असत. बादशहा एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. फ्रेंच वैद्य बर्निए १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, त्याने हा पेशखाना डोळ्यांनी पाहून लिहिला आहे. त्या काळचा एक लाल डेरा आजही जोधपूरच्या मेहरानगडावर जपून ठेवला आहे. लाल रंग बादशाही तंबूचा, इतरांनी तो वापरावयाचा नाही.

याला निव्वळ ऐषआराम म्हणून हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला वारला. या पंचवीस वर्षांतला फार मोठा काळ त्याने कापडाखाली काढला. त्याचे तख्त, त्याचे दफ्तर, त्याचा खजिना, न्याय, टपाल, सारे त्या तंबूंत होते. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत गेला होता. त्या छावणीचा घेर तीस मैल असल्याचे त्याने लिहिले आहे. ती छावणी म्हणजे चालती राजधानी होती. राजधानी पाठीवर वाहता येत नाही. तिला हत्तीच हवेत. चूक डेऱ्यात नव्हती. डेरा घेऊन वाऱ्याचा पाठलाग करू पाहणे, ही चूक होती.

डेऱ्याला आणखी एक भय असते, जागेचे. १७०० सालच्या ऑक्टोबरच्या आरंभी औरंगजेबाचा तळ माण नदीच्या काठी खवासपूरला होता. डोंगरांत पाऊस झाला आणि मध्यरात्री नदीला लोंढा आला. तंबू, माणसे, जनावरे वाहून गेली. गलका ऐकून मराठेच छावणीत घुसले असे बादशहास वाटले. तो घाईने उठला, अडखळून पडला, उजवा गुडघा निखळला आणि पुढे आयुष्यभर तो लंगडला. दरबारी लोकांनी मात्र सांत्वनाची युक्ती काढली: हा तर तैमूरलंगाचा वारसा! नदीच्या कोरड्या पात्रालगत वाळू मऊ असते, पाणी जवळ असते, म्हणून तंबू ठोकण्याचा मोह आजही होतो. आपल्या गोदावरीला वर कोठे पाऊस पडला हे काठावरच्या माणसाला कळण्यापूर्वी पाणी आलेले असते. बादशहाच्या गुडघ्याची ही गोष्ट आपल्या शिक्षकाने लक्षात ठेवावी.

आता दुसरे टोक पाहू. शिवाजी महाराजांच्या लष्कराविषयी सभासदाने लिहिलेले सर्वांच्या परिचयाचे आहे. आठ महिने लष्कर मुलूखगिरीवर, पावसाळ्यात छावणीस परत, आणि लष्कराबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी कोणी नाही. मराठा स्वाराचे जे वर्णन ग्रँट डफने केले आहे, त्यात तंबू शोधूनही सापडत नाही. भाला शेजारी जमिनीत रोवलेला, घोड्याचा लगाम मनगटाला बांधलेला आणि स्वार जमिनीवरच झोपलेला. या माणसाला पेशखाना नको, कारण त्याला उद्याचा मुक्काम कोठे हेच ठाऊक नाही. आणि ते शत्रूलाही ठाऊक नाही, हेच त्याचे बळ.

संताजी घोरपड्यांनी औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून बादशहाच्या डेऱ्याचे तणावे कापले आणि सोन्याचे कळस नेले, ही कथा बखरीत आहे. आमच्या लहानपणी ती ऐकताना कळसाचे सोने डोळ्यांपुढे चमके. आता वाटते, त्या कथेतले खरे मर्म दोरात आहे. एवढा मोठा डेरा, पण तो उभा असतो तो तणाव्यांवर. दोर कापला की सगळे वैभव आतल्या माणसांच्या डोक्यावर येते.

तथापि हलके लष्करही जड होऊ शकते, आणि ते कसे होते हे आपल्या जालन्याने पाहिले आहे. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांनी जालन्याची श्रीमंत पेठ लुटली. चार दिवस लूट चालली. परतीच्या वाटेवर, तीच फौज, तेच घोडे, पण आता पाठीवर लुटीचे ओझे. मोगल सरदार रणमस्तखानाने संगमनेरच्या बाजूस गाठले. लढाई निकराची झाली, सिधोजी निंबाळकर पडला, आणि लुटीचा बराच भाग सोडावा लागला. अखेर बहिर्जी नाईकाने अनोळखी वाटांनी महाराजांना पट्टागडावर सुखरूप पोहोचविले. येताना जी वाट घोड्याला सोपी होती तीच जाताना अवघड झाली. वाट बदलली नव्हती, वजन बदलले होते. पाठपिशवी घेऊन हिंडणाऱ्या कोणासही हा अनुभव दुसऱ्या दिवशी दुपारी येतोच.

पुढचा धडा पहिल्या बाजीरावाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर १७२७ मध्ये तो निजामाच्या मुलखात शिरला. जालना, सिंदखेड हा आपलाच परगणा त्याने तुडविला आणि जालन्यापाशी ऐवजखानाशी त्याची चकमक झाली. निजामाला वाटले, आता लढाई येथेच. बाजीराव तेथे थांबलाच नाही. वऱ्हाडाकडे वळला, बऱ्हाणपूरची हूल दिली, गुजरातेत उतरला. निजाम तोफा, डेरे, कनाती घेऊन मागे. आणि मागे राहणे असह्य झाले तेव्हा तो पुण्यावर गेला. बाजीराव पुण्याच्या रक्षणास धावेल हा त्याचा हिशेब. बाजीराव उलट औरंगाबादेच्या रोखाने आला. मग निजामाला परतावे लागले, घाईत गोदावरी ओलांडताना जड तोफखाना मागे टाकावा लागला, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला तो निर्जळ जागी कोंडला गेला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. पैठणच्या पलीकडचे हे गाव आपल्यापासून फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धातील सेनापती माँटगोमेरीने १९६८ सालच्या आपल्या युद्धेतिहासात पालखेडची मोहीम चपळाईचा उत्तम नमुना म्हणून गौरविली आहे.

बाजीरावाच्या फौजेकडे तंबू मुळीच नव्हते असे कोणी समजू नये. जेथे गरज तेथे होते. तो स्वतः १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला मुक्कामातच वारला. प्रश्न तंबू असण्याचा नव्हता, तो केव्हा मागे टाकायचा हे कळण्याचा होता. १७३७ च्या मार्चमध्ये दिल्लीवर चालून जाताना त्याने जड सामान बुंदेलखंडात ठेवले, आणि बादशहाची फौज त्याला दुसरीकडे शोधत असता हा दिल्लीच्या वेशीशी उभा.

आणि आता ज्या घटनेसाठी आम्ही हा विषय घेतला ती. आपल्या पूर्वेला शेजारी परतूर आहे. जुन्या कागदांत त्याचे नाव पडदूर असे येते. उदगीरला निजामाचा पराभव करून मराठे तेथे उतरले होते. अब्दालीने उत्तरेत दत्ताजी शिंद्यांना मारल्याची बातमी आली होती, आणि नानासाहेब पेशव्यांनी उत्तरेकडे कोणास पाठवायचे हा निर्णय येथे घेतला. १४ मार्च १७६० रोजी सदाशिवरावभाऊ परतुराहून निघाले. पानिपतचा रस्ता आपल्या शेजारच्या गावातून सुरू होतो, हे घनसावंगीत राहून कितीदा आपल्या मनात येते?

त्या दिवशी परतूरच्या माळावर काय दिसले असेल? ग्रँट डफचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सांगतो की, इतकी देखणी मराठी फौज पूर्वी कधी मैदानात उतरली नव्हती. उंच, प्रशस्त डेरे, आतून रेशीम आणि बनात लावलेले, वर दुरून चकाकणारे सोनेरी कळस, भोवती रंगीबेरंगी कनातींच्या भिंती. म्हणजे संताजीने ज्यांचे कळस कापले त्यांचेच कळस आता आपल्या डेऱ्यांवर चढले होते. ऐंशी वर्षांपूर्वी याच परगण्यात भाल्याशेजारी झोपणारा स्वार होता; आता त्याचा नातू कनातीबाहेर पहारा करीत होता. बरोबर कुटुंबे, यात्रेकरू, बाजारकरी, आणि ज्यांना बखरकार बुणगे म्हणतात तो सगळा मेळा.

मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी भाऊंना सांगितले की, बायकामुले आणि जड सामान मागे एखाद्या भक्कम ठिकाणी ठेवा, आणि हलके होऊन गनिमी काव्याने लढा. भाऊंनी ते मानले नाही. येथे आम्हांस न्यायाने बोलले पाहिजे. पानिपतचा पराभव तंबूंनी केला असे म्हणणारा माणूस इतिहास जाणत नाही. चंबळेपलीकडे पावसाळा आडवा आला, पैसा वेळेवर आला नाही, मित्र मिळाले नाहीत, आणि भाऊंचे बळ गारद्यांच्या तोफखान्यात होते, जो मुळातच हलका नव्हता. शेजवलकरांनी 'पानिपत : १७६१' या १९६१ सालच्या ग्रंथात या सगळ्याचा कसून विचार केला आहे, तो ज्याने त्याने वाचावा. पण एवढे तर खरेच की, मार्चच्या मध्यास परतूर सोडलेली फौज दिल्लीत ऑगस्टच्या आरंभी पोहोचली. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दक्षिणेची वाट अडवून बसला, आणि पानिपतला खंदक खणून मराठे अडीच महिने एका जागी राहिले. तळ हलविता येत नव्हता. कळस तेथेच होते, कनाती तेथेच होत्या, आणि त्यांच्या आत खावयास काही नव्हते. १४ जानेवारी १७६१ नंतर ते सगळे डेरे अब्दालीच्या लोकांनी लुटले. चुलता बाजीराव बुंदेलखंडात सामान ठेवून गेला होता. पुतण्याने ते पानिपतपर्यंत नेले. आम्ही दोघांत तुलना करतो ती शौर्याची नव्हे. भाऊंच्या शौर्याला कोणी बोट लावू नये.

यानंतर दोनच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदावरीने स्वतःच एक निवाडा दिला. पावसाळ्याच्या छावणीसाठी औरंगाबादेकडे निघालेली निजामाची फौज राक्षसभुवनापाशी नदी उतरत होती. निजामअली अर्ध्या फौजेनिशी पलीकडे, म्हणजे आपल्या उत्तर काठाला आला, आणि नदी फुगली. दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण काठावर अडकला. अठरा वर्षांच्या माधवरावाने तेथेच गाठून त्याचा पराभव केला, दिवाण पडला, आणि निजामाला पलीकडून पाहत राहण्याखेरीज काही करता आले नाही. जड तळ घेऊन भर श्रावणात नदी उतरणे म्हणजे फौजेचे दोन तुकडे आपल्याच हाताने करणे.

असईची लढाई आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला भोकरदनच्या बाजूस २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. तिच्याविषयी एवढेच सांगतो की, त्या सकाळी वेलस्ली लढावयास निघाला नव्हता, तो मुक्काम करावयास निघाला होता. शिंदे-भोसल्यांचा तळ अपेक्षेपेक्षा जवळ, केळणा नदीकाठी मैलोगणती पसरलेला आहे हे कळताच त्याने आपले सामानसुमान पहाऱ्यात मागे ठेवले आणि नुसती लढाऊ माणसे घेऊन तो पुढे गेला. पुढे १८०९ मध्ये ब्रौटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राजपुतान्यात हिंडला. त्याची छापील पत्रे वाचली की बाजार, नाच, सावकार, भिकारी यांसह हिंडणारे एक शहरच डोळ्यांपुढे येते. मराठी छावणी तोवर पुरती मोगली झाली होती.

मग हलक्या तंबूची विद्या कोठे गेली? ती डोंगरात गेली, आणि तीही परक्यांच्या डोंगरात. १८६० च्या सुमारास एडवर्ड व्हिम्पर हा इंग्रज गिर्यारोहक आल्प्समध्ये मॅटरहॉर्नवर चढण्याची धडपड करीत होता. त्याने आपल्या हाताने एक राहुटी बेतली. दोन टोकांस काठ्यांची फुली, आणि बुडाला शिवलेली जमीन, म्हणजे खालून गारठा नाही. पण ती हमालांच्या पाठीवर जाई. पुढे ममरी नावाच्या गिर्यारोहकाने ती आणखी हलकी केली, आणि खांबांऐवजी बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडीच वापरल्या. हा ममरी १८९५ मध्ये नंगा पर्बतवर नाहीसा झाला. आता आमच्या मनात येते ते असे: कुऱ्हाडीवर ताणलेले ममरीचे कापड आणि भाल्यांवर टाकलेले पाल यांत फरक तो काय? हातात जे शस्त्र आहे तोच खांब! आज चालण्याच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू बाजारात नवलाई म्हणून विकले जातात.

कापड मात्र खरोखर बदलले. जुनी राहुटी जाड सुती कापडाची. भिजली की सूत फुगते, वीण मिटते आणि पाणी थांबते. पण आतून बोट लावले की तेथूनच गळू लागते, हे ज्यांनी शाळेच्या पथकात रात्र काढली आहे त्यांना ठाऊक आहे. शिवाय भिजलेली राहुटी कोरडीहून कितीतरी जड. १९३८ मध्ये नायलॉन जगापुढे आले, महायुद्धात त्याची हवाई छत्री झाली, आणि युद्धानंतर तंबू. १९७५ मध्ये अमेरिकेत वाकत्या काठ्यांचा घुमटाकार तंबू विक्रीस आला. तो मेखांवाचून स्वतःच्या ताणावर उभा राहतो. संताजीला कापावयास दोरच उरला नाही म्हणा ना!

आता शिक्षकमहाशय, तुमच्या प्रश्नाकडे वळू. एकच तंबू दोन्ही कामांस चालणार नाही. आमचे उत्तर एवढेच आहे, आणि कारण वर सांगून झाले. डोंगरातला तंबू तुम्ही वाहणार. मोटारीतला मोटार वाहणार. पाठीवरचा तंबू दोघांचा असला तर दोन-अडीच किलोच्या आत बसवा, आणि दोघे असाल तर कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे अशी वाटणी करा. मोटारीचा तंबू दहाबारा किलोंचा असला तरी बिघडत नाही. त्यात ताठ उभे राहता आले पाहिजे. लहान मूल आणि साडी नेसणारी बाई यांना चार फुटांच्या राहुटीत वाकून कपडे बदलावयास लावणे हा सहलीचा आनंद नव्हे. तेथे डेराच घ्या, संकोच करू नका.

दुकानात 'दोन माणसांचा' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ दोन माणसे खांद्याला खांदा लावून झोपतील आणि पिशव्या बाहेर राहतील, असा समजावा. कुटुंब चौघांचे असले तर सहांचा घ्यावा. कापडावर १५०० किंवा ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तरी ते झिरपत नाही, याचे ते माप आहे. आपल्या पावसाला मोठा आकडा बरा. मात्र शिवणींवर पट्टी चिकटविलेली नसेल तर कापडाचा आकडा कितीही मोठा असो, पाणी सुईच्या भोकातून येते. दुहेरी कापडाचा, म्हणजे आत जाळी आणि वर वेगळे छत असा, तंबू थोडा जड पडतो, पण घ्यावा. माणसाच्या श्वासातून रात्रभरात निघालेली वाफ कोठे तरी जमणारच. एकेरी कापडात ती आतून ठिबकते आणि माणूस पहाटे दुकानदाराला शिव्या देतो की तंबू गळका दिला.

जमिनीचा विचार आपल्याकडे कोणी करीत नाही, आणि आम्ही तो फार उशिरा शिकलो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसमवेत हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. एका संस्थेकडून जुना, थोराड तंबू मागून आणला होता. नऊ किलोंचा तो तंबू एका मुलाने पाचनईच्या वाटेने वर आणला. वर पोहोचला तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांवर वळ उठले होते. आम्ही रिकाम्या हाताने चालत होतो आणि त्याला वाटेत बाजीराव समजावून सांगत होतो! कोकणकड्याच्या बाजूला तंबू ठोकावयास घेतला तर खाली काळा फत्तर. मेख बोटभरही शिरेना. दगड ठेवले, तर वाऱ्याने दगडांसकट कापड ओढले. अखेर तो तंबू गुंडाळून आम्ही गडावरच्या लेण्यात जाऊन झोपलो. सह्याद्रीच्या कातळावर मेखांवाचून उभा राहणारा तंबूच पाहिजे, आणि तोही दोरांनी दगडांस बांधावा, हे त्या रात्री कळले. त्या मुलाने मात्र पुढे कधी आमच्याबरोबर येण्याचे नाव काढले नाही, आणि त्यास आम्ही दोष देत नाही.

आपल्या काळ्या जमिनीची तऱ्हा निराळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात; मेख भेगेत गेली की हाताने उपसून येते. पाऊस पडला की तीच माती लोण्यासारखी होते आणि मेख आपोआप वर सरकते. तेथे बारीक तारेच्या मेखा कामाच्या नाहीत. वीतभराहून लांब, रुंद पात्याच्या हव्यात, आणि त्या तंबूकडे नव्हे, तंबूपासून बाहेर झुकवून ठोकाव्यात. नवा तंबू घेतला की प्रथम अंगणात उभारून पाहावा, एक रात्र त्यात झोपावे, आणि मग अंधारात, बॅटरीवाचून, पुन्हा उभारून पाहावा.

एक गोष्ट राहिली. आषाढीला दिंड्या निघतात, तेव्हा मालमोटार राहुट्या घेऊन पुढे जाते, आणि टाळ वाजवीत चालणारे मागून पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. हा पेशखानाच, पण त्यात बादशहा कोणी नाही. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याच तालुक्यातून ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. त्यांत भांडी, चूल, शेळी, पोरे, आणि सगळ्यांच्या वर बांबू व ताडपत्रीची गुंडाळी. फडाजवळ त्याची कोपी होते, आणि पाच-सहा महिने संसार तिच्यात चालतो. गेल्या साली रस्त्याकडेला अशा एका ट्रॅक्टरपाशी आम्ही थांबलो आणि एका बाईंना विचारले, ताडपत्री घेताना तुम्ही काय बघता? त्या हसल्या. आम्ही विकावयास आलो आहोत असे त्यांना वाटले असावे. मग गुंडाळीचे एक टोक सोडून त्यांनी कडेची दुमड आणि तिच्यातली पितळी कडी आमच्या हातात दिली. "मधलं कापड कुठलंबी चालतंय. वारं सुटलं की आधी हे उपटतंय," असे म्हणाल्या, आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यामुळे घाईने ते टोक पुन्हा आत खोचून वर चढल्या.